कॉकच्या दांडीला अडकवलेली किल्ली

या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात ‘कोइन्सिडन्स’ लिहून टाकते. माझ्या स्वतःच्या अनुभवाखाली मात्र तो शब्द बसत नाहीये… म्हणून लिहितेय.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत नोकरी करते. माझे मामा मलकापूरच्या पुढे एका धरणात छोटी डिझेल बोट चालवायचे — पलीकडच्या वाडीतली माणसं आणि दुधाच्या किटल्या अलीकडे आणायला. बोटीचं इंजिन धरणाच्याच पाण्याने थंड होतं. तळाच्या फळीखाली एक कॉक, म्हणजे दांडीने फिरवायची पाण्याची तोटी आहे. तो उघडला की पाणी इंजिनात फिरतं आणि धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडतं. काम संपलं की मामा कॉक बंद करायचे आणि इंजिनची किल्ली त्याच्याच दांडीला अडकवायचे.

“किल्ली घ्यायची म्हटली की कॉक दिसतोयच. इसरायचं कामच न्हाय,” ते सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेले होते. मामांचे गुडघे दुखत होते. त्यांना वाकायला लागू नये म्हणून मी फळी उचलली, किल्ली काढली, इंजिनाला लावून ठेवली आणि फळी परत बसवली. कॉक उघडायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. किटल्या चढवून आलेल्या मामांनी किल्ली जागेवर पाहिली. कॉक आपणच मघाशी उघडला, असं त्यांनी गृहीत धरलं.

मध्यावर पांढरा धूर आला, जळक्या रबराचा वास आला आणि इंजिन जाम झालं. दुसऱ्या होडीने आम्हाला ओढून आणलं. कुणाला काही झालं नाही. पण काठावर एकजण म्हणाला, “मामा, कॉक इसरला व्हय? आता नातवंडं खेळवा की.” सगळे हसले. मामाही हसले. “व्हय बाबा, वय झालं.”

मी शेजारीच उभी होते. बोलले नाही.

त्यानंतर मामांनी बोट सोडली. गॅस बंद आहे का ते तीन-तीनदा बघायचे, कुलूप ओढून ओढून बघायचे. यंदा उन्हाळ्यात ते गेले.

मामीने बोट विकायला काढली. उचगावच्या मिस्त्रींनी इंजिन दुरुस्त केलं आणि एका शनिवारी सकाळी ट्रायलला मिस्त्री, मामी आणि मी असे तिघं बसलो. मिस्त्रींनी माझ्यासमोर कॉक उघडला. इंजिन लागलं. सायलेन्सरमधून पाणी आलं… आणि मिनिटभरात थांबलं. नुसती वाफ.

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. जाळी पाहिली, साफ. पंप पाहिला, नवा. सायलेन्सरचा पाइप सोडवून फुंकून पाहिला, मोकळा. मग त्यांनी फळी उचलली.

कॉक बंद होता.

“मी उघडला नव्हता का, ताई?”

“उघडलात. मी पाहिलं.”

त्यांनी पुन्हा उघडला. पुन्हा मिनिटभर पाणी, पुन्हा वाफ, पुन्हा कॉक बंद. फळीवर तर मीच बसले होते. तिसऱ्या वेळी मिस्त्री मामीकडे वळले. “वहिनी, मामा इसरलं नव्हतं. कॉकच येडा हाय.”

मामीने पदर तोंडाला लावला. “मी म्हणत हुते की. इसरणाऱ्यातलं माणूस न्हाय ते.”

मी तेव्हाही बोलले नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं… तेच जास्त लाजिरवाणं आहे.

मिस्त्रींनी नवा कॉक बसवला. बोट नीट चालते. जुना ते उचगावला घेऊन गेले, तेव्हा न राहवून मी तिथे गेले. त्यांनी तो पान्यात धरून दाखवला. “ह्येला काय झालं न्हाय. दांडी फिरवाय दोन हात लागत्यात. आपुआप कसला बंद हुतोय?” मग हळूच म्हणाले, “वहिनीस्नी सांगू नका, ताई. त्यास्नी बरं वाटाय लागलंय.”

मामी आता वाडीभर सांगते की दोष कॉकचा होता. मामांनी मला वाचवलं, की बोलायला तीनदा संधी दिली, मला कळत नाही. त्या शनिवारी कॉक कुणी बंद केला, हे मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीत तो कुणामुळे बंद राहिला, ते सांगता येतं. मामी हे सदर वाचत नाही. त्यामुळे हे इथे लिहिलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही, हेही मला माहीत आहे.