मोडकी राणी

ऐकायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि नाव माझं होईल.

लेकीचं लग्न ठरलं. होणाऱ्या विहीणबाई नाशिकरोडला व्हायोलिनचा क्लास चालवतात. क्लासच्या वर्धापनदिनाला वक्ता म्हणून त्यांनी चक्क मला बोलावलं. विषय काय, तर इंग्लंडचे ट्यूडर राजे दौऱ्यावर निघत तेव्हाचं गाणंबजावणं! लेकीने तिकडे सांगून ठेवलेलं, "बाबांना इंग्रजीतलं सगळं येतं." शाळेत जन्मभर इंग्रजीच शिकवलंय मी. पण आता लेकीच्या सासरी तिची मान खाली जायला नको, म्हणून लगेच तयारीला लागलो.

इंटरनेटवर वाचत बसलो. राजा निघाला की गाड्या भरून पलंग, भांडी, गालिचे. ज्याच्याकडे मुक्काम त्याची झोप उडायची, आमच्याकडे चांदवडची आत्या सहकुटुंब आली की बायकोची उडते तशी. आणि जेवणानंतर म्हणे राजाचं मन रमवायला 'ब्रोकन कॉन्सोर्ट' असायचा.

कॉन्सोर्ट म्हणजे राजाची बायको, हे मला पाठ. ब्रोकन म्हणजे मोडलेली.

"अहो, एकदा विहीणबाईंना विचारून घ्या ना," बायको म्हणाली.

"इंग्रजी? मी? व्हायोलिनवाल्यांना विचारू?"

झालं. "त्यातल्या एका राजाच्या बायका सहा," मी भाषणात म्हणालो, "आणि त्यातली एक बिचारी मनाने मोडलेली. तरी मुक्कामा-मुक्कामावर नवऱ्यासाठी गायची." पुढच्या रांगेतल्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. मग काय, मी चढलोच. राणीला खोकला लावला, तंबू गळका केला.

टाळ्या थांबल्यावर विहीणबाईंनी माईक घेतला. "सर रंगून बोलले. फक्त संगीतात कॉन्सोर्ट म्हणजे वादकांचा ताफा. त्यात वेगवेगळ्या जातीची वाद्यं मिसळली की तो ब्रोकन." मागे व्हायोलिन, बासरी, पेटी, तबला घेऊन मंडळी बसलेली. "तर आता सरांची मोडकी राणी वाजवेल."

सभागृह लोटपोट. मी घाबरत लेकीकडे पाहिलं, तर ती विहीणबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून खिदळत होती. खरं सांगतो, तेव्हा जिवात जीव आला.

लग्न झालं. परवा दोन्ही घरची त्र्यंबकेश्वरला गेलो. बायकोचा गुडघा दुखतो. बसमधून उतरताना ती म्हणाली, "राजे, मोडक्या राणीची पिशवी घ्या."

घेतली.

"आणि ताफ्याच्याही घ्या हं, व्याही," मागून विहीणबाई.

राजाच्या दौऱ्यात सामानाच्या गाड्या असायच्या, म्हणालो होतो ना? आमच्या दौऱ्यात ती गाडी मी.