उत्तनच्या समुद्रात सोडलेली दोनशे पाकिटं

"मिरा-भाईंदरमध्ये फिरण्यासारखं काय आहे हो?" असं मला ब्लॉगवर दर महिन्याला कोणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडा आणि शेवटपर्यंत बसून राहा. पण मी स्वतः पहिल्यांदा गेले ती काही फिरायला गेले नव्हते. मी गेले होते फुकट राबायला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गिरगावातली खोली विकून आम्ही मिरा रोडला शांती नगरात आलो होतो. तिथे जागा ऐसपैस होती, पण पाणी नळापेक्षा टँकरनेच जास्त यायचं. मी नुकतीच प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि नोकरीच्या जाहिरातींना लाल पेनाने गोल करत घरात बसले होते. एक दिवस कॉलेजात दाखला आणायला गेले, तर फळ्यावर हाताने लिहिलेला कागद दिसला: उत्तनच्या सागरी अभ्यास केंद्रात पंधरा दिवसांसाठी स्वयंसेवक हवेत, मानधन नाही, राहण्याची सोय आहे.

"पंधरा दिवस फुकट राबायचं, तेही चिखलात?" बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"राबू दे की," आई म्हणाली. "घरी तरी कुठे राबते?"

आई मात्र राबायची. ती फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. चिवडा, चकल्या, शेव, उन्हाळ्यात लोणची. शांती नगरच्या गुजराती बायका आणि पूनम सागरमधली ऑफिसला जाणारी मंडळी तिची गिऱ्हाइकं. दिवाळी नुकतीच सरली होती, म्हणून ती जरा मोकळी होती. तिने माझ्या पिशवीत उरलेल्या चकल्या कोंबल्या आणि मी निघाले.

भाईंदर पश्चिमेपर्यंत रिक्षा आणि पुढे बस, सगळे मिळून पंधरा रुपयेसुद्धा लागले नाहीत. राई, मुर्धा, मोर्वा अशी गावं मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना मिठागरं पसरतात. मिठाचे ढीग उन्हात इतके पांढरे दिसत होते, की मी डोळ्यांवर ओढणी घेतली. मग रस्ता चढतो, उतरतो आणि खिडकीतून बोंबलांचा वास येतो. समुद्र दिसतो तो त्यानंतर. शेजारच्या बाईला मी नाक दाबताना दिसले असणार. ती म्हणाली, "दोन दिस थांब गो, मंग वास येनार न्हाय." तिचं खरं ठरलं, दुसऱ्याच दिवशी.

केंद्र म्हणजे दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे आणि एक सूक्ष्मदर्शक, तोही जुन्या उशीच्या अभ्र्याखाली. ते चालवायच्या साठ्ये मॅडम. पन्नाशीच्या, कॉटनची साडी खोचलेली, पायात रबरी बूट. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या हातात घासणी दिली. "शास्त्र म्हणजे मुख्यतः बाटल्या घासणं," त्या म्हणाल्या. "मधूनमधून विचार करायचा."

मला मजा येत होती. सकाळी बादलीने पाणी काढून तापमान घ्यायचं, ओहोटीला चिखल चाळून किडे मोजायचे. दुपारी रोझी काकींकडे भात आणि ताज्या बोंबलाचं कालवण. रोझी काकी म्हणजे इनास तांडेलांची बायको. या इनासमामांची होडी केंद्राच्या कामाला यायची आणि ते डिझेलखेरीज काही घ्यायचे नाहीत.

चौथ्या दिवशी मॅडमनी कपाटातून एक खोका काढला. आत दोनशे पिवळी कार्डं होती. प्रत्येकावर क्रमांक, केंद्राचा पत्ता आणि मराठी, हिंदी, गुजरातीत एक विनंती: हे कार्ड कुठे आणि कधी सापडलं ते लिहून टपालपेटीत टाका, तिकीट नको. ही कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात बंद करून समुद्रात सोडायची. ती जिथे लागतील त्यावरून कळणार, की थंडीत इथलं पाणी किनाऱ्याने कुठे वाहतं.

"एवढीच आहेत," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा छापून मिळणार नाहीत. मार्चपर्यंत काही निष्कर्ष दाखवला नाही, तर केंद्राला कुलूप. जपून कर. आत पाणी जाता कामा नये." आणि त्या एका बैठकीसाठी मुंबईला गेल्या.

पाकिटं बंद करणं! ते तर मी चौथीपासून करत आले होते. मेणबत्ती लावायची, पिशवीचं तोंड हॅक्सॉच्या पात्यावर दुमडायचं आणि ज्योतीवरून सर्रकन फिरवायचं. संध्याकाळपर्यंत मी शंभर पाकिटं केली. प्रत्येकात एक कार्ड, तरंगायला थर्माकोलची बोटभर पट्टी आणि एकाही शिवणीला छिद्र नाही. स्वतःवरच खूश होऊन मी ती गोणीत भरली.

दुसऱ्या सकाळी मॅडम परतल्या, पण धक्क्यावरच थांबल्या, कारण भरतीच्या खांबावरचे आकडे त्यांना दर पंधरा मिनिटांनी टिपायचे होते. गोणी घेऊन मी इनासमामांच्या होडीत बसले. जाळ्यांच्या पलीकडे गेल्यावर मी पहिली दहा पाकिटं सोडली.

मामा बघत राहिले. "पोरी, हे पान्यावर न्हाय चाललं. वाऱ्यावर चाललंय."

"मामा, ते शास्त्रीय आहे," मी म्हणाले. होय, असंच म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात. मामांनी विडी पेटवली आणि उरलेली नव्वद पाकिटं मला सोडू दिली.

अकरानंतर वारा समुद्राकडून फिरला. चारच्या सुमारास मी खोलीबाहेर आले, तर किनाऱ्यावर बोंबलांच्या वलांडीखाली, म्हणजे वाळवणीच्या बांबूंखाली, बायका वाकून काहीतरी वेचत होत्या. माझी पाकिटं! टम्म फुगलेली, वाऱ्याने टुणटुण उड्या मारत घरी आलेली.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. चकली मोडू नये म्हणून चिवड्या-चकलीच्या पिशवीत आम्ही हवा धरतो. माझ्या हातांनी सवयीने तेच केलं होतं. फुगलेलं पाकीट पाण्यावर नुसतं टेकतं, त्याला ढकलतो तो वारा.

मी धावत गेले. पाकिटं फोडून कार्डं पुन्हा वापरता आली असती. पण उत्तनच्या बायका कामाला चोख. कार्डावर लिहायला सांगितलंय, तर त्यांनी लिहिलं होतं. शिकलेल्या सुना पेन घेऊन बसल्या होत्या. "टाकली गो पेटीत," रोझी काकी अभिमानाने म्हणाल्या. "येकपन ठेवलं न्हाय."

दोन दिवसांनी पोस्टमन हसतच आला. एकाहत्तर कार्डं. "उत्तन, आजच." "उत्तन, चार वाजता." एकावर तर, "उत्तन, माझ्या बोंबलांखाली."

साठ्ये मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "हवेचं सांगायला मी विसरले." ते ऐकून मला रडूच आलं. उरलेली शंभर कार्डं आता मी करू का, हे विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती जवळ घेईल. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, चिवड्यासारखं कशाला बांधलंस? लोणच्यासारखं बांधायचं! लोणच्याच्या पिशवीत हवा राहिली तर बुरशी धरते, हे तुला माहीत नाही?"

"लक्षातच आलं नाही."

"मी येते उद्या. तुझ्या हातावर आता माझा भरवसा नाही."

माझी आई गिऱ्हाइकाच्या दारापलीकडे एकटी कुठे जात नसे. तीच आई संध्याकाळी पिशव्यांच्या दुकानात उभी राहून म्हणत होती, "भाई, वो जाडावाला दो, पतला नहीं चलेगा. समुंदर में डालने का है." दुकानदाराने तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा पाहिलं.

केंद्रात पोचल्यावर तिने टेबल नाकारलं आणि जमिनीवर फतकल मारली. पुढ्यात मेणबत्ती, पातं आणि पाण्याची बादली. कार्ड आणि थर्माकोलची पट्टी घातलेली पिशवी ती तोंड वर धरून बादलीत उतरवायची. पाणी पिशवीला बाहेरून दाबायचं आणि हवा वरून निघून जायची. प्लास्टिक कार्डाला चिकटलं की तोंड पुसायचं, दुमडायचं, ज्योतीवरून फिरवायचं आणि लगेच दुसऱ्यांदा दुमडून पुन्हा फिरवायचं. मॅडम शेजारी उकिडव्या बसून वहीत लिहून घेत होत्या.

"काकू, ज्योतीपासून किती अंतर?"

"लिहू नका हो, बघा. अंतर हाताला कळतं."

मॅडमनी तरी लिहिलं. क्रमांक १०१ ते २००, आणि "पाकीटबंद कोणी केलं" या रकान्यात आईचं पूर्ण नाव. आईने ते तीनदा वाचलं. बिलबुकाखेरीज तिचं नाव कुठल्या वहीत यायचंच नाही.

या वेळी होडीत मी तोंड बंद ठेवलं. पहिलं पाकीट पाण्यावर पडलं आणि आडवं पसरलं. एक कोपरा तेवढा वर. इनासमामा वाकून बघत होते. वारा होता, पण पाकीट वाऱ्याकडे ढुंकून न बघता सावकाश निघालं.

"आता हाय बरोबर," मामा म्हणाले. "हे शास्त्रीय."

मी सगळ्यांसाठी चकल्या काढल्या.

पंधरा दिवस संपले, मी घरी आले. किनाऱ्यावर या वेळी काहीच लागलं नव्हतं, ही चांगली खूण होती. पण पुढे काय, ते कळायला मार्ग नव्हता. केंद्रात फोन नव्हता. मी पुन्हा जाहिरातींना गोल करू लागले. आई काही विचारायची नाही, फक्त पोस्टमनची वेळ झाली की तिला गॅलरीतले कपडे काढायचे असायचे.

जानेवारीत मॅडमचं पाकीट आलं. चौदा कार्डं परतली होती. अर्नाळा, केळवे, डहाणू. सगळी उत्तरेला आणि जितकी लांब तितकी उशिराने, अगदी ओळीने. केंद्राला आणखी दोन वर्षं मिळाली होती. सोबत एक खरं कार्डही होतं आणि त्यावर मॅडमची चिठ्ठी: "नोंद करून घेतली आहे. मूळ प्रत तुझ्या आईसाठी."

क्रमांक १४३. मागे निळ्या शाईत कोणा चिकूवाडीतल्या माणसाने लिहिलं होतं: "बोर्डी. १२ डिसेंबर, सकाळी. पाकीट दातांनी फुटलं नाही, विळीवर कापावं लागलं. आत पाण्याचा थेंब नव्हता."

आज उत्तनला गेलात तर ते केंद्र शोधू नका. मॅडम निवृत्त झाल्या आणि त्या खोल्यांत आता जाळी ठेवतात. वलांडी मात्र आहेत, बोंबलाचं कालवणही आहे आणि नाक दाबलंत तर बसमधली एखादी बाई तुम्हालाही दोन दिवस थांबायला सांगेल. मी पुढे शास्त्रज्ञ वगैरे झाले नाही, बँकेत लागले. त्या पंधरा दिवसांतून माझ्याकडे राहिलं ते एवढंच: हातातलं काम आपल्याला येतं असं वाटलं, की मी आधी कोणा इनासमामांना विचारते.

आईकडे काय राहिलं, ते मी कार्ड आलं त्याच दिवशी पाहिलं. तिने कार्ड खिडकीत नेऊन वाचलं, मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "विळीवर कापावं लागलं म्हणतो," ती म्हणाली. कार्ड तिने देवघराच्या फळीवर ठेवलं, परत उचललं.

"मंजू, बोर्डी किती लांब आहे गं?"

"पाकिटाला एकोणीस दिवस लागले."

"मग आपण एसटीने जाऊ," आई म्हणाली आणि कपाटातून चांगली साडी काढायला लागली.