कलिंबुका मास्तरांनी निवडलेला शब्द

३ जुलै २००९ रोजी लेस्टिनाने तीन हजार आठशे पन्नास क्वाचा खर्च केले. पाच कोंबड्या, तांदूळ, तेल आणि साखर. स्कॉटलंडमधल्या एका शाळेचे पाहुणे गावात पहिल्यांदाच येणार होते आणि स्वयंपाक तिच्या अंगणात होता. मुख्याध्यापक कलिंबुका म्हणाले, "मायी, सध्या तुम्ही घाला. शाळा समितीतून मी मिळवून देतो."

जेवणाआधी सह्या झाल्या. पाहुण्यांच्या मोरॅग मॅडम करार वाचत होत्या आणि मास्तर तो गावाच्या भाषेत सांगत होते. एका शब्दावर ते अडले. मग घसा खाकरून म्हणाले, "आजपासून आपल्या दोन शाळांचं चिबाले झालं."

चिबाले म्हणजे रक्ताचं नातं. बायकांनी उलूलूचा एकच गजर केला. घरच्या कर्त्या माणसाच्या ताटात जाणारा कोंबडीचा पेटा लेस्टिनाने मोरॅग मॅडमना वाढला. त्यांनी तो हळूच ताटाच्या कडेला सारला. लेस्टिनाला वाटलं, लाजल्या असतील.

पाहुण्यांना मुलींसाठी वसतिगृह बांधायचं होतं, पण जागा नव्हती. लेस्टिनाने ओढ्याकाठचा आपला मळा दिला. तिकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते. हा मळाही पुढे तिच्या लेकीचा, एनिफाचा व्हायचा होता.

"मोबदला काय ठरला?" थोरल्या भावाने, वायसनने विचारलं.

"दादा, तुझ्या पोरीच्या लग्नात मी मका दिला, तेव्हा मोबदला ठरवला होता का?"

"ते घरातलं होतं."

"हेही घरातलंच."

वायसन हसला. "बोलण्यात तू कुणाला हार जायची नाहीस. पण मळा आईचा होता, एवढं विसरू नकोस."

तिसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. साथीची दोन वर्षं सोडली, तर पाहुणे दर जुलैत येत, फोटो काढत, पुढच्या वर्षी छत होईल म्हणत. लेस्टिना दर वेळी पेटा वाढायची. वायसन टोमणे मारायचा, "तुझ्या नातेवाइकांना छत म्हणजे काय ते ठाऊक नसेल!" ती म्हणायची, घरच्यांचा हात कधी आखडतोच. आई गेली तेव्हा तिने मास्तरांकरवी निरोप पाठवला. ना माणूस आलं, ना शब्द. कुणाच्या मयताला न जाणाऱ्याच्या दारी तिच्या गावात कुणी फिरकत नाही. तरी तिने समजून घेतलं. समुद्रापलीकडून यायचं म्हणजे सोपं नाही.

२०२४च्या जुलैत गाडी आलीच नाही. शिजवलेली कोंबडी झाकून ती दुपारपर्यंत रस्त्याकडे बघत बसली. मग शाळेत गेली.

मास्तर वर न बघता म्हणाले, "मायी, ते संपलं. पाच-पाच वर्षांची मुदत होती, दोनदा वाढवली. आता त्यांनी डांबरी रस्त्यावरची शाळा घेतली."

"चिबाले संपलं? ते कसं संपतं?"

"करारात चिबाले नव्हतं. भागीदारी होती."

"मग तुम्ही त्या दिवशी चिबाले का म्हणालात?"

मास्तरांनी हातातला खडू ठेवला. "भागीदारी म्हटलं असतं, तर तुम्ही मळा दिला असता?"

 पंधरा वर्षं लेस्टिनाला वाटत होतं, मास्तर त्या शब्दावर अडले ते योग्य शब्द शोधण्यासाठी. तिने मळा परत मागितला. जागा आता शाळेच्या नावावर आहे, असं मास्तरांनी सांगितलं. वायसनने सगळं ऐकून घेतलं. या खेपेला तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी ती एनिफाला घेऊन अर्ध्या भिंतींच्या आत शिरली आणि कुदळ चालवू लागली. मास्तर धावत आले. "मायी, शाळेच्या जागेत असं न विचारता..."

"नात्यात कोण विचारतं, मास्तर?"

ते परत गेले. पण माती विटांच्या चुऱ्याने भरून दगडासारखी झाली होती. मोहरीची भाजी उगवलीच नाही. एका कोपऱ्यात भोपळ्याचा एक वेल तेवढा धरला. त्याला फळ आलं नाही. एनिफा आता दुसऱ्यांच्या मळ्यात मजुरीला जाते.

पहिल्या जेवणाच्या खर्चापैकी बत्तीसशे क्वाचा लेस्टिनाला तेव्हाच मिळाले होते. उरलेले सहाशे पन्नास कलिंबुका मास्तरांकडून अजून यायचे आहेत.