जुझे परेरांचं पान

आजीला जाऊन तीन वर्षं झाली, तरी यामिनीला तिची आठवण सरळ येत नाही. आधी हसू येतं आणि मागोमाग रडू.

शंकर नगरात आजीला सगळे रमाबाई म्हणायचे. जन्माची मात्र ती फिलोमिना परेरा. तिचे वडील जुझे परेरा गोव्याहून रेल्वेत गार्ड म्हणून आले आणि रायपूरचेच होऊन गेले. रेल्वेच्याच ऑफिसातल्या गंगाधररावांशी फिलोमिनाचं जमलं, दोन्हीकडची आदळआपट झाली आणि शेवटी लग्न लागलं. सासूनं ताटातल्या तांदळावर 'रमा' लिहायला लावलं, तेव्हा नवी नवरी नवऱ्याच्या कानात म्हणाली होती म्हणे, "लिहा काय लिहायचं ते. रक्त नाही बदलत."

रक्त म्हणजे पोर्तुगालचं. आजीच्या पणजीनं एका पोर्तुगीज कप्तानाशी लग्न केलं होतं, ही कथा घरातल्या भिंतींनाही पाठ होती. कप्तान खरा की खोटा, याची चौकशी करायला कोणी गेलं नाही. पोळ्या लाटतानासुद्धा आजीची मान ताठ असायची. "आमचे लोक जहाजातून आले, तुमचे बैलगाडीतून," असं ती भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेल्या सासरकुळाला चिडवायची. गंगाधरराव पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "जहाजवाले, चहा टाका." डिसेंबरात ती दिवाळीसारख्याच करंज्या करायची, त्यांना नेवऱ्या म्हणायची आणि देवापुढे हात जोडून मगच वाटायची. कुठल्या देवापुढे, ते तिचं तिला ठाऊक.

रायपूर राजधानी झालं आणि घराचे दिवस पालटले. यामिनीचे बाबा, भार्गव, सचिवालयात बढतीवर गेले. गल्लीत लाल दिव्याच्या गाड्या फिरायला लागल्या. यामिनीला नागपूरचं स्थळ सांगून आलं. सचिन तिला मनापासून आवडला होता, आणि हे घरात सगळ्यांत आधी आजीनं ओळखलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाबा आजीजवळ जाऊन बसले. "आई, त्यांच्यासमोर ते पोर्तुगाल काढू नको."

"काहून? चोरी केली काय मी?"

"तसं नाही. जुनी मानसं हायेत ते. पोट्टीचं जमून राहिलं, म्हणून सांगून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सचिनच्या आईनं, विनोदिनीबाईंनी, सहज विचारलं, "तुमचं माहेर कुठलं हो?" यामिनी हातात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. आजीनं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"राहिलं नाही आता कोणी," ती म्हणाली.

स्थळ पक्कं झालं. पण त्या दिवसापासून आजीच्या तोंडून कप्तान गेला, जहाज गेलं. चिडवायला समोर कोणी उरलंच नसल्यासारखी ती गप्प गप्प राहू लागली. यामिनीला ते दिसत होतं आणि सचिनचा फोन आला की ती विसरतही होती.

मग पितृपक्ष आला. वारलेल्या गंगाधररावांचा महालय होता. नेमके त्याच दिवशी सचिनचे वडील अनंतराव मंत्रालयातल्या कामासाठी रायपुरात होते. बाबांनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं. नेहमीचे म्हातारे गुरुजी वारले होते. ते आईकडच्यांची नावं पुटपुटून उरकायचे, काय म्हणतात ते कोणाला ऐकूही यायचं नाही. या वर्षी आलेले हरिदास गुरुजी नवे होते, प्रत्येक गोष्ट नीट विचारून करणारे.

"आता मातामह. तुमच्या आईचे वडील. नाव सांगा, गोत्र सांगा."

बाबांच्या ओंजळीत तीळ आणि पाणी होतं. समोर खुर्चीवर अनंतराव बसले होते.

"नारायण," बाबा म्हणाले. "गोत्र... कश्यप."

स्वयंपाकघराच्या दारात आजी वड्यांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते हळूच खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. यामिनीला राहवलं नाही.

"बाबा, नाम गलत है," ती मोठ्यानं म्हणाली. "आजीच्या बाबांचं नाव जुझे परेरा होतं."

अनंतरावांनी आधी आजीकडे पाहिलं, मग बाबांकडे. गुरुजींनाच काय ती घाई होती. "गोत्र माहीत नसलं की कश्यपच म्हणतात. नाव मात्र खरं पाहिजे. बोला, काय नाव?"

बाबांच्या बोटांमधून पाणी आधीच गळायला लागलं होतं. त्यांनी पुन्हा पाणी घेतलं आणि डोळे मिटून स्पष्ट म्हणाले, "जुझे परेरा."

पानं वाढली गेली. अनंतराव पाटावर बसलेच नाहीत. दाराशी चपला घालताना म्हणाले, "कोणी कोणत्या धर्माचं का असेना, भार्गवराव. लपवलं काहून, एवढंच विचारतो." ते खरोखर एवढंच होतं का, हे यामिनीला अजूनही कळलेलं नाही. आठवड्याभरात नागपूरहून नकार आला. सचिनचा एक फोन आला, तोही रडवेला आणि अर्धवट.

त्या दुपारी मात्र नकार यायचा होता. यामिनी धावतच आजीकडे गेली. वाटलं होतं, आजी जवळ घेईल, पाठीवरून हात फिरवेल. आजीनं तिचे दोन्ही दंड धरले आणि गदागदा हलवलं.

"काहून बोलली तू? मी तुझ्यासाठी तोंड शिवून बसली होती नं?"

"आजी, पण ते तुझे बाबा—"

"हव, माझेच बाबा." आजीचा आवाज फाटला. अनंतरावांचं वाढलेलं, न शिवलेलं पान अजून तसंच मांडलेलं होतं. "माझ्या बापाले आज पहिल्यांदा या घरात पान वाढलं, अन् माझ्या नातीचं पान उचललं. आता मी हसू का रडू, तूच सांग मले."