बिनमिठाची आमटी

मंडळी, आज मी आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही.

माझी आई म्हणजे आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतली खवट म्हणून प्रसिद्ध बाई. चेअरमनसुद्धा तिच्यासमोर जपून बोलायचे. एकदा ती खराडीला माझ्या घरी आली असताना ऑफिसच्या कॉलच्या नादात मी मीठ विसरले, तर म्हणाली, "खराडीत मीठ मिळत नाही वाटतं अजून!" तेव्हा असा राग आला होता!

आता तिचा डिमेन्शिया वाढलाय आणि बोलणं एकदम मऊ झालंय. शेजारच्या काकू म्हणतात, "किती गोड झाल्यात हो तुमच्या आई!" मी मान डोलावते. पण ही गोड बाई कोण, मला माहीत नाही. मला माझी खवट आई हवी आहे.

म्हणून आज दुपारी हा उद्योग केला. ताट वाढलं आणि टोमण्याची वाट बघत समोर बसले.

आईनं भात कालवला, शांतपणे सगळा संपवला. "छान झालीय आमटी. तुमच्या आईनं शिकवली का हो?"

"हो," मी म्हटलं. "पण ती सारखी नावं ठेवायची."

आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मनावर घेऊ नका. असतात काही बायका खवट."

इतकं हसू आलं मला! पण हा किस्सा सांगून हसायचं, तर ऐकायला आईच हवी होती.

कुणीतरी खाली लिहा ना, मीठ विसरलीस म्हणून. आणि जरा खवटपणेच लिहा.