कॉलेजचा उजवा हात

ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास मी आमच्या आत्याच्या सासूबाईंना माझ्या कॉलेजात घेऊन गेलो होतो. त्यांना जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

यात माझा काही वाईट हेतू नव्हता. खरं तर हेतू कुठलाच नव्हता. सकाळचे सात वाजले होते आणि मी अर्धवट झोपेत होतो.

मी तेव्हा नाशिकच्या एका खाजगी चित्रकला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. महाविद्यालय म्हणजे भांड्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खाली पातेल्यांवर टकटक करत नावं घातली जायची, वर आम्ही एकाग्र व्हायचा प्रयत्न करायचो. अनुदान नव्हतं, त्यामुळे शरीररचना शिकायला अख्ख्या कॉलेजात मिळून एकच सांगाडा होता. उपासनी सर त्याचे सुटे भाग आम्हाला घरी अभ्यासाला द्यायचे, रजिस्टरवर सही घेऊन. कुणाला कवटी, कुणाला पाऊल. त्या आठवड्यात मला उजवा हात मिळाला. मनगटापासून बोटांपर्यंत, बारीक तारेने ओवलेला, मनगटावर काळ्या शाईत ‘४’ असा आकडा.

“शनिवारी चाचणी आहे,” सर म्हणाले. “जे नेलंय ते घेऊन यायचं. हरवलं तर स्वतःचं द्यावं लागेल.”

आमचं घर पंचवटीत, दोन खोल्यांचं. मी हात घेऊन दारात उभा राहिलो आणि आईने तिथेच थांबवलं.

“ते उंबऱ्याच्या आत येणार नाही.”

“आई, अभ्यासाचं आहे.”

“मग अंगणात बसून कर अभ्यास.”

वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा फाडून तिने माझ्या अंगावर टाकला. मी त्यात हात बांधला आणि ते गाठोडं अंगणातल्या शेवग्याला लटकवलं.

शुक्रवारी संध्याकाळी विंचूरहून आत्या आणि मामा आले. (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात.) मामांची आई गेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडात अस्थी सोडायच्या होत्या. एसटीच्या गर्दीत अस्थींचं फडकं फाटलं होतं. आईने लगबगीने धोतराचा उरलेला तुकडा दिला. अस्थी काही कोणी घरात घेत नाही. मामांनी तेही गाठोडं शेवग्यालाच बांधलं.

एक शेवगा, दोन गाठोडी, धोतर एकच. पुढचं सांगायची खरं तर गरज नाही, पण सांगतो.

सकाळी वडील पहिल्या पाळीला अंबडला निघून गेले होते, आई चहा टाकत होती, आत्या-मामा अंघोळीच्या तयारीत होते. मी डोळे चोळत अंगणात आलो, हाताला लागलं ते गाठोडं सोडलं, सायकलच्या कॅरिअरला लावलं आणि निघालो. आज हात जरा हलका वाटतोय, एवढं मनात आलं होतं. अभ्यास झाला की ओझं कमी वाटतं, असा मी त्याचा अर्थ लावला.

वर्गात एकेक जण उठून आपापला भाग टेबलावर ठेवत होता. माझं नाव आलं. मी गाठोडं ठेवलं. सरांनी गाठ सोडली. आत राख होती आणि हाडांचे बोटभर तुकडे.

“हे काय आणलंस?”

“हात, सर.”

“हात?” सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “जाळलास का रे?”

तेव्हा कुठे माझी झोप उडाली.

“सर, या आत्याच्या सासूबाई आहेत.”

वर्गात कोणी हसलं नाही. सर दोन पावलं मागे सरकले, चपला काढल्या आणि हात जोडले. ते पाहून सगळा वर्ग उभा राहिला. कवटीवाल्याने घाईघाईने आपली कवटी बाकाखाली घेतली. मग सरांनी स्वतःच्या हाताने, अगदी हलकेच, गाठोडं पुन्हा बांधलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं.

“पळ,” ते म्हणाले. “त्यांना नीट पोचव. आणि येताना माझा हात घेऊन ये.”

इकडे रामकुंडावर काय चाललं होतं ते मला नंतर आत्याकडून कळलं. गुरुजींनी गाठोडं सोडलं तर आत अख्खा पंजा.

“हे काय?” गुरुजी म्हणाले. “हा जळला कसा नाही?”

मामांनी क्षणभर विचार केला. “म्हातारी हाताची लय मजबूत व्हती.”

“आणि ही तार?”

“दोन वर्षांखाली पडली व्हती वसरीत. मनगाट मोडलं. डॉक्टरनी घातली असंल.”

“आणि हा आकडा?”

“दवाखान्याचा असंल. खाट नंबर चार.”

माणसाला श्रद्धा असली की उत्तरं कशी भराभर सुचतात! आत्याला तर रडूच आवरेना. तिने तो पंजा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, “याच हातानं मला भाकरी थापाया शिकवलं हो.” शेजारी विधीला बसलेल्या दोन अनोळखी बायकाही डोळ्यांना पदर लावू लागल्या. गुरुजींनी इतकं दुःख पाहून पुढे काही विचारलं नाही.

मी सायकल घाटावर टाकून धावत पोचलो तेव्हा मामा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि पंजा त्यांच्या ओंजळीत होता.

“मामा, हात सोडू नका!”

“सोडायलाच आलोय ना बाबा.”

“तो आजींचा नाही.”

“मंग कुनाचा?”

“कॉलेजचा.”

मामा एवढे दचकले की ओंजळ आपोआप सुटली. कॉलेजचा उजवा हात डुबुक करून दिसेनासा झाला. सरांचं ‘स्वतःचं द्यावं लागेल’ डोक्यात घुमत होतं. सासूबाईंना मी आत्याच्या हातात दिलं आणि कपड्यांसकट पाण्यात उडी मारली.

तळाला काय काय हाताला लागतं ते मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या बुडीला तार सापडली. मी आनंदाने हात उंचावून वर आलो, म्हणजे माझ्या हातातला हात उंचावून. आसपासच्या पाण्यात कोणी उरलं नाही. एक गृहस्थ अर्धं सोवळं तिथेच सोडून पायऱ्या चढले.

गुरुजी शांत होते. “इथे लोक सोडून जातात,” ते म्हणाले. “काढून नेणारा तू पहिलाच.”

मामांचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता. मी निथळत उभा होतो, मान खाली. आता मुस्काटात बसणार याची खात्री होती. तेवढ्यात आत्याने विचारलं, “मंग सासूबाई सकाळधरनं कुठं व्हत्या?”

“कॉलेजात.”

“कॉलेजात?” ती गाठोड्याकडे बघत राहिली. “कधी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं हो त्यांनी. लय हौस व्हती. पोरांच्या पाट्या पुसून ठेवायच्या. बसवलं का रे त्यांना नीट?”

“टेबलावर, आत्या. सगळा वर्ग उभा राहिला. सरांनी चपला काढल्या.”

“सरांनी?” मामांनी विचारलं.

“हो. हात जोडले.”

मामांनी उपरण्याने तोंड पुसलं. आधी वाटलं रडतायत, मग खांदे हलायला लागले आणि आत्याही तोंडाला पदर लावून हसायला लागली. “आयला,” मामा म्हणाले, “म्हातारी जाता जाता कॉलेज करून गेली.” मग त्यांनी ते गाठोडं घेतलं, गुरुजींनी मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटले आणि या वेळी सगळं जसं व्हायचं तसं झालं. घरी आल्यावर आईने मला अंगणातच दोन बादल्या पाण्याने अंघोळ घातली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शेजाऱ्यांदेखत.

दुपारी मी हात घेऊन कॉलेजात गेलो. सरांनी तो खिडकीत वाळत घातला आणि मला एकट्याला चाचणीला बसवलं. मी जीव ओतून चित्र काढलं. तसं चित्र मी पुन्हा कधीच काढलं नाही. सरांनी ते बराच वेळ पाहिलं.

“बोटं चारच?”

“समोर दिसतं तेच काढायचं असं तुम्हीच शिकवलंय, सर.”

सर उठून खिडकीपाशी गेले आणि मोजून आले. करंगळी रामकुंडातच राहिली होती.

त्या चाचणीत मी नापास झालो. पुढे चित्रकलेतही मी फार काही दिवे लावले नाहीत. पण माझ्या कलाशिक्षणातून कुणाचंच भलं झालं नाही, असं मात्र मी कोणाला म्हणू देत नाही. एका अनोळखी माणसाच्या करंगळीला मी थेट मोक्ष मिळवून दिलाय.