आईची साखर आणि दोन शास्त्रं

आमच्या घरात दोन शास्त्रं नांदतात, आणि त्या दोघांनी मिळून आईच्या पायाची करंगळी घालवली.

पहिलं शास्त्र शमुवेलदादाचं. म्हणजे पवित्र शास्त्र. दादा पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दर रविवारी आमच्या पडवीत प्रार्थनासभा सुरू केली. दुसरं शास्त्र माझं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुळशीतल्या माले गावात आमचं एकच ख्रिस्ती घर, त्यामुळे गाव दोघांनाही ‘शास्त्री’ म्हणतं. (कौतुकानं म्हणतं, असा माझा बरेच दिवस समज होता.)

आईला मधुमेह जुना. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक गोळी, चहा बिनसाखरेचा आणि लग्नाकार्यात ताटातल्या जिलबीकडे बघून एक सुस्कारा, असं तिचं व्यवस्थित चाललं होतं. पण या पावसाळ्यात दादाच्या सभेला बाहेरगावचे एक पाहुणे प्रचारक आले. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून अशी खणखणीत प्रार्थना केली, की गोठ्यातली म्हैससुद्धा उठून उभी राहिली. ते गेल्यावर दादानं जाहीर केलं,

“आई, तू बरी झालीस!”

“मला तर होतं तसंच वाटतंय रे,” आई म्हणाली.

“हाच तो अविश्वास! आजपासून गोळ्या बंद. बरं झालेलं माणूस गोळी खातं का?”

मी उसळलोच. “दादा, पुरावा काय?”

“तुझ्याकडे साखर मोजायचं यंत्र आहे ना? मोज की!”

इथे माझी चूक झाली असं कुणाला वाटेल. (बायकोला वाटतं.) पण माझा विचार अगदी शास्त्रशुद्ध होता. गोळ्या थांबतील, दोन-चार दिवसांत साखर चढेल, यंत्रावर आकडा दिसेल, दादाचं तोंड बंद होईल, गोळ्या परत चालू! आईला प्रयोगासाठी वापरतोय, हे लक्षात यायला आधी ती माणूस आहे हे लक्षात यायला हवं होतं. तेव्हा आम्हा दोघांच्याही दृष्टीनं ती मुद्दा होती.

मी आईच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. यंत्रावर आकडा आला.

नॉर्मल.

दुसऱ्या दिवशी, नॉर्मल. तिसऱ्या दिवशी तर माझ्यापेक्षा चांगली!

“आता बोल,” दादा म्हणाला.

आता एखादा लबाड माणूस असता, तर म्हणाला असता की यंत्र बिघडलंय. पण मी प्रामाणिक विज्ञानवादी! आकडा आपल्या विरुद्ध गेला तरी मान तुकवायची, हे मी वर्गात घसा फोडून सांगतो. मी मान तुकवली. एवढंच नाही, तर कारणही शोधून काढलं. “आईचं वजन उतरलंय बघ. वजन उतरलं की साखर उतरते. यात चमत्कार काही नाही.”

“प्रभूनं वजन उतरवून बरं केलं,” दादानं लगेच माझं कारण खिशात घातलं.

आई मध्येच म्हणाली, “अरे, मला तहान लई लागतीय. सारखं मोरीत जावं लागतंय.”

“शरीर शुद्ध होतंय, आई,” दादा म्हणाला.

“पाणी जास्त पितेस म्हणून जावं लागतं,” मी म्हणालो.

“आन् पाय बधिर झाल्यागत वाटतोय.”

“चप्पल नवी आहे ना,” आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. चप्पल दादानं आणली होती. येत्या रविवारी सभेत बरं झाल्याची साक्ष द्यायला आईनं नीटनेटकं उभं राहावं म्हणून!

तो रविवार मी विसरू शकत नाही. (प्रयत्न केलाय.) आसपासच्या गावांतल्या माणसांनी पडवी गच्च भरलेली, बाहेर पाऊस धो धो, आणि पायमोज्यांवर नवी चप्पल घालून आई खुर्चीत बसलेली. दादानं आईची साक्ष उरकली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “विश्वासणाऱ्यांचं तर तुम्ही ऐकलंत. आता अविश्वासणाऱ्याचं ऐका! माझा भाऊ. विज्ञानाचा शिक्षक!”

मी उठलो. यंत्र उंच धरलं. “मी चमत्कार मानत नाही. पण रोजची तपासणी मी स्वतः केलीय. आईची साखर नॉर्मल आहे, ही वस्तुस्थिती आहे.”

“हालेलुया!” पडवी दुमदुमली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या एखाद्या वाक्याला टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं!

शेजारचे भिकूअण्णा चहाच्या आशेनं दारात उभे होते. त्यांनी विचारलं, “सर, म्हंजी आता म्हातारीला ग्वाड चालतंय व्हय?”

मी दादाकडे बघितलं. दादानं माझ्याकडे बघितलं.

“चालतंय,” दोघंही म्हणालो.

अण्णांनी संध्याकाळी डबाभर बुंदीचे लाडू पाठवले. आईनं पहिला लाडू हातात घेऊन आम्हाला विचारलं, “नक्की ना रे?” इतक्या विश्वासानं आमच्याकडे तिनं कधी पाहिलं नसेल.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आई तांदूळ निवडता निवडता सुपावरच कलंडली. हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची आणि वडिलांशी बोलायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

भिकूअण्णांनी जीप काढली. मागच्या सीटवर आई, तिच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी.

“प्रार्थना करू या,” दादानं आईचं कपाळ धरलं.

“आधी साखर मोजू या,” मी आईचं बोट धरलं. मोजली. चालत्या जीपमध्ये! नॉर्मल.

“बघ! साखर नाहीच. दुसरंच काहीतरी आहे,” मी म्हणालो.

“सैतानाचा हल्ला आहे.”

“मेंदूचा रक्तपुरवठा असेल.”

“सैतान मेंदूवरच—”

अण्णांनी करकचून ब्रेक मारला आणि मागे वळले. “तुमी दोगं गप बसताय, का उतरवू हितंच? म्हातारी मरायला लागलीया आन् ह्यांची भांडणं मिटंनात!”

दादानं आईचं कपाळ सोडलं, मी बोट सोडलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला पाचवीत मिळालेल्या छड्या आठवल्या. “साखर प्रचंड वाढलीय. गोळ्या कुणी बंद केल्या?”

“प्रभूनं,” दादा म्हणाला.

“आणि घरी कुणी मोजत नव्हतं?”

“मी रोज मोजत होतो,” मी ताठ मानेनं यंत्र पुढे केलं. “नॉर्मल होती.”

“पट्ट्या कुठे आहेत?”

मी खिशातून काढल्या. त्यांनी बराच वेळ माझ्या हाताकडे बघितलं.

“हे काय आहे?”

“परीक्षानळी. पट्ट्यांची मूळ डबी अपारदर्शक असते हो, आत किती उरल्यात ते दिसत नाही. म्हणून मी शाळेतल्या—”

“बूच?”

“नाही लावलं.”

“ठेवता कुठे?”

“खिडकीत.”

“मुळशीच्या पावसात!” त्या म्हणाल्या. “अहो, या पट्ट्यांनी ओल खाल्ली की त्या वाट्टेल तो आकडा दाखवतात. डबीवर लिहिलेलं असतं, झाकण घट्ट लावा. वाचलं नाहीत?”

सूचना वाचल्याशिवाय प्रयोगाला हात लावायचा नाही, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गात पहिल्याच तासाला सांगतो. पट्ट्यांच्या डबीच्या तासाला मात्र मी विद्यार्थी म्हणून हजर नव्हतो.

दादाचा चेहरा जरा उजळला. ते बघून बाई त्याच्याकडे वळल्या. त्यांच्या गळ्यात बारीकसा क्रूस होता. आम्ही दोघांनीही तो तेव्हाच पाहिला. “मीही ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करते, दादा. पण मग हातही धुते.”

नंतर नर्सनं आईचे पायमोजे काढले. डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. नव्या चपलेनं कातडं सोललं, आईला ते कळलंच नाही, आणि जखम आतल्या आत चिघळत गेली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. दादाला वचन आठवेना, मला सूत्र आठवेना.

आई वाचली. करंगळी नाही वाचली.

एवढं झाल्यावर घरात जरा शहाणपण यावं की नाही? छे! आई दवाखान्यात कॉटवर पडलेली असताना दादा भेटायला आलेल्या माणसाला हळूच सांगत होता, “आईचा विश्वास कमी पडला.” आणि पलीकडे मी दुसऱ्या माणसाला समजावत होतो, “पद्धत बरोबर होती, साहित्य दमट होतं.” आईचे कान अजून तल्लख आहेत. तिनं दोघांना जवळ बोलावलं.

“शमुवेल, तुझ्या शास्त्रात तो एक संशयी शिष्य हाय ना? प्रभूच्या जखमेत बोट घातल्याबिगर मानणार न्हाई म्हणणारा? तू त्याला दर इस्टरला नावं ठेवतोस. आन् तू रे, तू त्याला शाबासकी देतोस.”

आम्ही मान हलवली.

“त्याला निदान जखम बघायची होती. तुमी दोघांनी माझा पाय तरी बघितला का रे? मी बोलत होते, तर एक वर आभाळात बघायचा आन् एक खाली त्या डबड्यात.”

आम्ही आधी तिच्या बँडेज बांधलेल्या पायाकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

दवाखान्यातून आई आमच्याकडे आलीच नाही. ती थेट जांब्याला गेली, आमच्या धाकट्या बहिणीकडे, रूथकडे. रूथ तिला वेळेवर गोळ्या देते, जेवायच्या आधी दोघी मिळून प्रार्थना करतात, आणि संध्याकाळी ती आईचे पाय कोमट पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, नख न् नख निरखून बघते. विश्वास ठेवते की पडताळणी करते, हे मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, “पाय धुते.”

मागच्या रविवारी मी आणि दादा जांब्याला गेलो. आई आत झोपली होती. रूथनं आम्हाला व्हरांड्यात बसवलं. थोड्या वेळानं चहाचा एक कप आणून मधल्या स्टुलावर ठेवला आणि आत गेली.

एकच कप. दादा थोरला, म्हणून मी म्हटलं, “घे तू.” तो म्हणाला, “अर्धा-अर्धा घेऊ.” इतक्या दिवसांत आम्ही एकमेकांशी इतकं प्रेमानं बोललो नव्हतो. माझे डोळे भरून आले. दादानं डोळे मिटून चहाबद्दल आभार मानायला सुरुवात केली. मी वाकून, साय आहे का ते तपासलं.

तेवढ्यात आई भिंत धरत, लंगडत बाहेर आली. तिनं कप उचलला, उभ्या उभ्या संपवला, आणि रिकामा कप घेऊन आत गेली.

चहा तिचा होता. तो आमच्यासाठी आहे, असं रूथ म्हणाली नव्हती, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. पण कप आमचाच, याही बाबतीत धर्म आणि विज्ञान यांचं अगदी संपूर्ण एकमत झालं होतं.